एका दिवसापुरते जुने ब्रेक

“तुझी एवढी हौसच असेल तर बसव बाई डिस्क ब्रेक. मी कशाला आड येऊ?” दादा म्हणाला आणि त्याने जुन्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. जणू समजूत गाडीची काढायची होती.

दादा असा मोठ्या मनाने बोलला की समजावं, त्याचा हिशेब आधीच जुळलेला आहे. या वेळचा तर फारच सुबक होता. त्याच्या मुलीला डोंगराखालच्या गावात गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नोकरी लागली होती. रोज घाट उतरायचा, रोज चढायचा. तिला गाडी लागणार होती. नवी घेऊन देण्याऐवजी दादाने वडिलांच्या वेळची ही जुनी गाडी “आजपासून तुझी” म्हणून तिला देऊन टाकली. म्हणजे नवी घ्यायची वाचली. आणि मुलगी राहणार बापाच्याच घरी, तेव्हा दिलेली गाडी उभी राहणार बापाच्याच गॅरेजमध्ये. देऊनही गेली नाही. ब्रेकचा खर्च बहिणीचा, कारण आग्रह बहिणीचा. आणि पुढेमागे जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कुणी नाक मुरडलंच, तर बोट दाखवायला माणूस घरातलाच. एका ‘बसव बाई’मध्ये एवढं सगळं पदरात पडत असताना आड येणारा दादा मूर्ख म्हणायला हवा होता, आणि दादा मूर्ख नव्हता.

बहीण म्हणजे ब्रेकबाई. हे नाव त्यांच्याकडे गाडी शिकणाऱ्यांनी ठेवलेलं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ड्रायव्हिंग स्कूलची मालकीणही त्याच, शिक्षिकाही त्याच आणि सकाळी कचेरीत केर काढणाऱ्याही त्याच. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा गडबडला की ब्रेकबाईंचा उजवा पाय त्याच्यावर पडे. स्टिअरिंगला हात न लावता, दुसऱ्यांच्या वतीने ब्रेक दाबण्यात त्यांचा जन्म गेला होता. बँकेतले साहेब, नव्या सुना, निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांना त्यांनी कुठल्या ना कुठल्या भिंतीपासून वाचवलं होतं. आणि त्यातल्या प्रत्येकाला मनातून वाटे की गाडी आपणच वेळेवर थांबवली. ब्रेकबाईंनी कुणाचा हा गैरसमज कधी दूर केला नाही. धंद्याला तो सोयीचा होता. माणूस खुशीत परीक्षा पास होई आणि आणखी चार ओळखीचे पाठवी.

घरातही काम तेच. दादा एका मित्राबरोबर फर्निचरच्या दुकानात पडायला निघाला, तेव्हा ब्रेकबाईंनीच आदळआपट करून त्याला मागे ओढला. दुकान बसलं. दादा अजूनही लोकांना सांगतो, मला आधीच वास आला होता.

ब्रेकच्या आग्रहाचं कारण घाटातच घडलं होतं. भाची नोकरीच्या गावाचा रस्ता बघायला निघाली, तेव्हा ब्रेकबाई शेजारी बसल्या. गाडी देखणी, हत्तीसारखी जड, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. म्हणजे चाकात एक बंद डबा, त्यात दोन अर्धगोल पट्टे; पेडल दाबलं की पट्टे फाकतात, डब्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. सपाटीवर ठीक. पण लांब उतारावर डबे तापले. बंदच ते; आतली धग बाहेर पडणार कुठून? निम्म्या घाटात ब्रेक इतका ढिला पडला की भाचीने पेडलवर उभं राहायचंच बाकी ठेवलं.

“आत्या, नीट थांबत नाहीये.”

“दुसरा गिअर टाक. टाक म्हणते ना! पाय उचल, परत दाब. परत. असं. आता त्या वळणाच्या अलीकडे घे बाजूला.”

गाडी थांबली. चाकांतून जळकट वास येत होता. ब्रेकबाई उतरल्या, गाडीला एक पुरी फेरी मारली आणि पुढच्या चाकाला लाथ घातली.

“ही बक्षीस दिली तुला? ही? ह्यापेक्षा बापाने तुला सरळ दरीत ढकलायचं!”

“आत्या, बाबांचा जीव आहे गं या गाडीत.”

“त्याचा आहे गाडीत. माझा तुझ्यात आहे. या पोरीला हव्या त्या जागी थांबता आलं पाहिजे, एवढंच मला कळतं.”

तेव्हापासून त्यांनी डिस्क ब्रेकचा धोशा लावला. डिस्क उघड्यावर असते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा. वारा लागतो, थाळी निवते. त्यात आत्मा वगैरे काही नसतो, गाडी थांबते.

काम गेलं मिस्त्रीकडे. या मिस्त्रीला ब्रेकबाई होयबा म्हणत, कारण त्याच्या तोंडून नकार म्हणून निघत नसे.

“पुढच्या दोन चाकांना डिस्क बसतील का?”

“होय बाई.”

“मागे जुनेच राहू देत?”

“होय होय.”

“आणि वेळेत होईल?”

“होय.”

“तुझ्या बापाच्यानं तरी झालं असतं का?”

“होय... नाही बाई, चेष्टा करता गरिबाची!”

होयबाचा हात मात्र चांगला होता. चाकं उतरली, ड्रम ओढून काढले, आतला काळा भुगा फरशीवर सांडला. भंगारात निघालेल्या एका नव्या गाडीच्या थाळ्या आणि चिमटे त्याने मिळवले, ते बसवायला लोखंडी ब्रॅकेट कापून आणले. डिस्कला पाय जास्त जोरात दाबावा लागतो, म्हणून इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर पुढच्या मडगार्डच्या पोटात दडवला. वरून कुणाला पत्ता लागू नये. ब्रेकबाई शिकवणीच्या मधल्या वेळात येऊन उभ्या राहत आणि प्रत्येक नट हाताने चाचपत.

“हा मास्टर सिलिंडर पण बदलावा लागेल बाई,” होयबा एकदा म्हणाला. “ब्रेकचं तेल पुढे ढकलतो ना, तो. जुन्यात एक बारीक झडप असते. ती पट्ट्यांना मागून जरासा रेटा देऊन ठेवते. नाहीतर ते डब्यापासून लांब सरतात नि पेडल खोल जातं. डिस्कला तो रेटा चालत नाही, चिमटा सारखा घासत राहतो.”

“मग बदल. विचारतोस काय?”

“होय.”

काढलेले ड्रम, पट्टे, जुना सिलिंडर, सगळं दादाने जुन्या चादरीत गुंडाळलं. तान्ह्या मुलाला घेतात तसं उचलून त्याने गॅरेजच्या फळीवर ठेवलं.

“भंगारात घाल ते,” ब्रेकबाई म्हणाल्या.

“छोटे, तुला नाही कळायचं. गाडीचा आत्मा आहे त्यात.”

“घाटात तोच निघून जात होता दादा. आम्ही दोघींनी पाहिला जाताना.”

गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेकबाईंनी भाचीला गाडी पळवायला लावली. चांगल्या वेगात आल्यावर नुसतं म्हणाल्या, “दाब.” भाचीने पाय ठेवला आणि ती अवजड गाडी रेघ मारल्यासारखी उभी राहिली. भाची खदाखदा हसली. तिने परत पळवली, परत थांबवली. लहान मूल दिव्याचं बटण चालू-बंद करतं तशी. शेजारी ब्रेकबाईंचा उजवा पायही दर वेळी खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. या गाडीत त्यांच्यापुढे पेडल नव्हतं. पायाला ते सांगायचं राहून गेलं होतं.

इथे गोष्ट संपली असती. पण प्रदर्शन जवळ आलं.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन वर पठारावर भरे; नोकरीच्या गावाकडे उतरणारा घाट तिथूनच सुरू होई. कप बरेच असत. मालकांची मनं मोडू नयेत म्हणून ‘सर्वांत चकचकीत’ गाडीलासुद्धा एक असे. खरी चुरस असे ती मूळ स्वरूपातल्या गाडीच्या कपासाठी. दर खेपेला हा कप एक दातांचे डॉक्टर त्यांच्या पांढऱ्या गाडीसाठी घेऊन जात आणि वर दादाच्या खांद्यावर थोपटून म्हणत, “पुढच्या वर्षी नक्की तुमचा नंबर.” परीक्षक उकिडवे बसत, टॉर्च मारून चाकाच्या आत बघत. आत डिस्क दिसली की संपलं.

ब्रेकबाईंच्या शिकाऊ लोकांची परीक्षा त्याच आठवड्यात होती. त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. दादाने नेमका तोच आठवडा धरून होयबाचं गॅरेज गाठलं.

“फक्त रविवारपुरतं रे. पुढे ड्रम चढव. सोमवारी परत डिस्क.”

“होय साहेब.”

“छोटीला बोलायचं नाही.”

“होय. म्हणजे, नाही बोलत.”

“शाबास.”

“पण साहेब, मग जुना सिलिंडर पण घालावा लागेल. ती झडप—”

“अरे, एका दिवसासाठी सगळी गाडी उसवतोस का? सिलिंडर बॉनेटखाली कोपऱ्यात आहे, त्याला मी जुन्यासारखा रंग मारतो. परीक्षक काय चाटून बघणारेत?”

“पेडल खोल जाईल हां साहेब. पट्टे पण घाईत नीट लागायचे नाहीत.”

“वर चढायचंय रे गाडीला. चढाला ब्रेक कशाला लागतो?”

“होय, ते पण आहे.”

वर गेलेली गाडी पुन्हा खालीही येते, हे त्या दोघांना कळत नव्हतं असं नाही. दादाला वाटलं, तेवढं होयबा बघेल. होयबाला वाटलं, तेवढं साहेब बघतील. ड्रम डिस्कच्या सिलिंडरला जोडले गेले. डोकं एकाचं, हातपाय दुसऱ्याचे. दादाने बारीक कुंचल्याने सिलिंडर रंगवला, वर जरा धूळही फुंकली. इतकं मन लावून काम त्याने उभ्या नोकरीत केलं नव्हतं.

रविवारी कप दादाला मिळाला. परीक्षकांनी टॉर्च मारला, चाकाच्या आत ड्रम बघून माना डोलावल्या. दातांच्या डॉक्टरांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला. ब्रेकबाई पठारावर पोचल्या तेव्हा फोटो चालू होते. कशाचा कप ते त्यांनी विचारलं नाही. दादा इतका फुललेला होता की त्यांनाही बरं वाटलं. त्या आल्याच होत्या भाचीबरोबर घाट उतरायला. नोकरी दुसऱ्या दिवशी सुरू होत होती, उन्हं अजून होती, उतरायचा सराव एकदा नव्या ब्रेकवर व्हायला हवा होता.

“बाबा, तुम्ही नाही येत?” भाचीने विचारलं.

“मला मंडळी सोडत नाहीत गं. तुम्ही व्हा पुढे. सावकाश जा. गिअरमध्ये ठेव.”

सावकाश जा असं दादाने आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. ब्रेकबाईंच्या ते कानावर पडलं, पण त्यांनी सीटचा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, “चल.”

पहिली वळणं बरी गेली. भाची प्रत्येक वेळी दोनदा पेडल दाबत होती.

“दोनदा कशाला दाबतेस? एकदाच दाब, विश्वासाने.”

“हो आत्या.”

पण तिने परत दोनदाच दाबलं. मग तीनदा. ड्रम तापत होते, तापून फुगत होते आणि घाईत बसवलेल्या पट्ट्यांपासून लांब जात होते. मागून रेटा द्यायला झडप नव्हती. देवळाएवढ्या एका खडकापाशी रस्ता एकदम खाली वळतो, तिथे भाचीने पाय ठेवला आणि पेडल सरळ तळाला जाऊन टेकलं.

“आत्या!”

“गिअर! पहिला टाक. हँडब्रेक ओढ, सोडू नकोस, ओढून धर. भिंतीकडे घे. दरीकडे नाही, भिंतीकडे! घासू दे, घासू दे गाडी!”

भाचीने सगळं केलं. शिकवलेलं सगळं, एकापाठोपाठ एक, कुठे न चुकता. गाडी डोंगराच्या दगडी भिंतीला घासत, किंचाळत गेली, वेग उतरला आणि शेवटी पुढचा कोपरा एका बाहेर आलेल्या दगडावर बसला. भाचीला खरचटलंही नाही.

ब्रेकबाईंचा उजवा पाय मात्र खालच्या पत्र्यावर होता. गुडघा ताठ, टाच रोवलेली. जिथे पेडल नव्हतं तिथे त्या सगळ्या ताकदीने ब्रेक दाबत होत्या. दगडाचा धक्का पत्र्यातून सरळ त्यांच्या घोट्यात शिरला. पाय सैल असता तर कदाचित मुका मार लागला असता. पण तो पाय सैल ठेवायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या.

मागून येणाऱ्या लोकांनी त्यांना बाहेर काढून रस्त्याकडेला बसवलं. चाकाची चकचकीत टोपी उडून पडली होती, चाक तिरकं झालं होतं. ब्रेकबाईंनी मान वाकवून आत पाहिलं. आत थाळी नव्हती. गोल, बंद, काळा डबा होता, त्यातून बारीक धूर निघत होता.

दुखणं तोवर त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आधी राग पोचला.

दादा दातांच्या डॉक्टरांच्याच गाडीतून आला. उतरल्याबरोबर तो आधी मुलीकडे धावला, गाडीकडे नाही. हे त्याच्या नावावर जमा धरायला हवं. कप मात्र त्याच्या हातातच होता, खाली ठेवायचं सुचलं नव्हतं.

“डिस्क कुठायत?” ब्रेकबाईंनी विचारलं.

“छोटे, तुला लागलंय. आधी दवाखान्यात—”

“डिस्क कुठायत दादा?”

“हळू बोल. लोक आहेत.”

“लोकांनाच विचारते मग. अहो डॉक्टर, तुम्ही दात बघता ना? जरा त्या चाकाचं तोंड उघडून बघा! कप मिळाला ह्याला. पोरगी गहाण टाकून कप आणलाय!”

“छोटे, ही वेळ आहे का?”

“ही नाही तर कुठली? तेराव्याची?”

डॉक्टर अतिशय सभ्य माणूस. त्यांनी चाकाकडे पाठ केली आणि घाटाचं सौंदर्य बघत उभे राहिले.

घोट्यातलं हाड फुटलं होतं. धातूच्या पट्ट्या घातल्या, स्क्रू घातले, पाय प्लास्टरमध्ये गेला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चालता येईल, जोर देता येणार नाही. एखादी गोष्ट झटकन, ताकदीने दाबायची तर नाहीच.

“म्हणजे कशासारखी?” ब्रेकबाईंनी विचारलं.

“उदाहरणार्थ, गाडीचा ब्रेक,” डॉक्टर सहज म्हणाले.

होयबा भेटायला आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

“तू बसवलेस ड्रम?”

“होय बाई.”

“सिलिंडर नवाच ठेवून?”

“होय.”

“काय होईल ते तुला माहीत होतं?”

होयबा रडायला लागला. “होय बाई. मी सांगितलं होतं साहेबांना. एकदा सांगितलं.”

“एकदा! मला एका नटाचं चार वेळा सांगायचास. त्याला एकदा सांगून मोकळा झालास? चालता हो.”

“होय,” तो म्हणाला आणि गेला.

गावात मात्र गोष्ट वेगळी फिरली. बहिणीने हट्टाने जुन्या गाडीला नवे ब्रेक बसवले आणि ते घाटात फेल झाले. ही गोष्ट दादाने कुणाला सांगितली नाही. तो असलं खोटं बोलणारा माणूस नव्हे. लोकच त्याला म्हणाले, “जुन्या गाडीला छेडू नये हेच खरं,” आणि दादाने खाली बघून सुस्कारा सोडला. एका सुस्काऱ्यात सगळं काम झालं. नाक्यावरच्या पोरांना तर आयतं सापडलं: ब्रेकबाईचेच ब्रेक फेल! शिकायला नाव घातलेल्या दोन सुनांनी घरून मनाई झाल्याचा निरोप पाठवला. हेडमास्तर, ज्यांना त्यांनी भिंतींपासून वाचवलं होतं, आपल्या नातवाला दुसऱ्या स्कूलमध्ये घालून आले. त्यांच्या मते त्यांना स्वतःला गाडी उपजतच येत होती.

दादा आठवड्यातून एकदा येई, खुर्चीच्या कडेवर बसे.

“एवढं काय मनाला लावून घेतेस? डावा पाय आहे की.”

“आहे.”

“त्याने दाबायचं.”

“दादा, घाईच्या वेळी उजवा पाय पडतो. डावा आधी विचारतो, ‘मला बोलावलंत का?’ तेवढ्यात भिंत येते.”

“तू पण ना, प्रत्येक गोष्ट ताणतेस.”

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात त्या काठी टेकत दादाच्या घरी गेल्या. दिवाणखान्यात प्रदर्शनाची मंडळी बसली होती. गाडी मूळ स्वरूपातच दुरुस्त करायची, त्यासाठी मूळचा दिवा कुठे मिळेल, अशी गंभीर चर्चा चालली होती. कप कपाटावर होता. ब्रेकबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं: कोणते ब्रेक होते, कुणी काढले, कुणासाठी काढले, सिलिंडरला रंग कुणी मारला. आवाज त्यांनी चढवला तो शेवटपर्यंत उतरवला नाही. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली.

मंडळींनी आपापल्या चहाच्या कपांत पाहिलं. एकजण म्हणाला, “असं होतं कधी कधी.” दुसरा म्हणाला, “तांत्रिक बाब आहे.”

“तांत्रिक?” ब्रेकबाई त्याच्यावर वळल्या. “तुझी पोरगी असती त्या सीटवर, तर काय म्हणाला असतास?”

“वन्सं, झालं ते झालं,” वहिनी आतून आली. “पोरगी वाचली ना? तेवढं बघा. घरातलं असं चारचौघांत—”

“पोरीला तरी कळू दे, बापाने तिला कशात बसवलं होतं ते!”

भाची दारातच होती, गुरांच्या दवाखान्यातून नुकतीच बसने आलेली, खांद्याला पिशवी तशीच.

“मला माहीत होतं, आत्या.”

ब्रेकबाईंची काठी जरा सरकली.

“काय माहीत होतं?”

“ड्रम घातलेत ते. बाबांनी मला आदल्या दिवशी सांगितलं. तुला नको म्हणाले सांगायला, तू ओरडशील म्हणून.”

“आणि माहीत असून तू गाडी घाटात घातलीस?”

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर अपराध होता, पण त्याहून जास्त नवल होतं. एवढी सरळ गोष्ट आत्याने विचारावी कशी, याचं.

“तू शेजारी होतीस ना,” ती म्हणाली.

इतका वेळ ज्या माणसाला त्या शब्दांनी सोलत होत्या, तो एकदम लांब राहिला. राग तसाच होता; त्याला जायला आता दार नव्हतं. त्यांनी भाचीच्या खांद्यावरची पिशवी काढून खुर्चीत ठेवली, वहिनीला म्हणाल्या, “हिला खायला दे काहीतरी,” आणि जिना उतरू लागल्या. काठी, डावा पाय, मग उजवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी होयबाला बोलावलं. तो भीत भीत आला. शिकवायची गाडी कचेरीपुढे उभी होती.

“शेजारचा ब्रेक काढ.”

“बाई, दुरुस्त करायचा?”

“काढायचा. मुळापासून. वरची पाटी पण काढ, दारावरची अक्षरं पण खरवड.”

“स्कूल बंद करताय?”

“होय,” ब्रेकबाई म्हणाल्या.

होयबाने मान खाली घातली आणि पाना लावला. बोल्ट गंजलेले होते, निघायला वेळ लागला. ब्रेकबाई पायरीवर बसून बघत होत्या. निघालेलं पेडल त्याने पुढे केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला नको. भंगारात टाक.” पेडलवरचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं.

गाडीची किल्ली त्यांनी भाचीच्या हातात दिली.

“ही घेऊन जा नोकरीला. ही थांबते.”

“आत्या, मी खरंच...” भाचीचे डोळे भरले. “या गाडीच्या पहिल्या दिवशी तरी चल ना बरोबर. घाट उतरेपर्यंत.”

“नाही.”

“मागे बसशील? नुसती?”

“नाही म्हटलं ना! मागे नाही, पुढे नाही, घाटाच्या तोंडापर्यंतसुद्धा नाही. बस आणि जा. एकटी जा!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

भाची गाडीत बसली. आरसा नीट केला, पट्टा लावला, शेजारच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं आणि निघाली. ब्रेकबाई पायरीवरून उठल्या नाहीत.

आता शेवटचा हिशेब. जुनी गाडी दुरुस्त होऊन पुन्हा मूळ स्वरूपात दादाच्या गॅरेजमध्ये उभी आहे. ती उतारावर जात नाही. कप कपाटावर आहे आणि तो कुणी परत मागितलेला नाही. मुलीला गाडी मिळाली, तीही दादाला घ्यावी लागली नाही. होयबाने डिस्कचा तो जोड दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसवला. दातांचे डॉक्टर सभ्यपणे गप्प राहिले आणि पुढच्या वर्षीचा कप घेऊन गेले. ब्रेकबाईंचा पाय गेला, धंदा गेला, गाडी गेली. दादाशी त्या बोलत नाहीत, तेव्हा भाऊही त्यांच्याच खर्चात धरायचा. भाची रोज एकटी घाट उतरते आणि थांबायचं तिथे थांबते. शेजारच्या सीटपुढे पत्र्यात बोल्टांची चार भोकं आहेत. धूळ येऊ नये म्हणून तिने त्यांच्यावर एक जाड कापड पसरलंय. कापडावर ती आपला जेवणाचा डबा ठेवते.